लालबागच्या खडकावरून

काही वर्षांपूर्वी एका छायाचित्र-प्रदर्शनातला मजकूर मराठीत करून देण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. चित्रं जोडीजोडीनं मांडायची होती. वर जुनं बंगळूर, खाली आजचं. दोन्ही शक्य तितक्या एकाच जागेवरून घेतलेली आणि शक्य तितकी रुंद. इंग्रजी मजकूर आधीच तयार होता, कन्नड आणि तमिळ होऊन गेलं होतं, मराठी सगळ्यात शेवटी आठवली होती. मुख्य फलकाचा आशय आपल्या सगळ्यांना पाठ आहे: कधीकाळची उद्याननगरी आता सिमेंटचं जंगल झाली आहे. एका जुन्या चित्राखाली ‘उघडी जागा’ एवढ्याच अर्थाचे दोन इंग्रजी शब्द होते. मी लिहिलं, ‘ओसाड जागा’. दोन दिवसांत काम संपवलं आणि विसरून गेले.

प्रदर्शन पाहायला मात्र गेले. तिथे एक आजी मराठी फलक बोटानं ओळ धरून वाचत होत्या. चिकपेटेतल्या होत्या. बंगळुरात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतली, कन्नडच्या हेलातली त्यांची बोली. मजकूर मी केलाय हे कळल्यावर त्यांनी मला हाताला धरून त्या चित्रासमोर उभं केलं आणि विचारलं, “वर उद्याननगरी म्हणून लिवलंय, आणि ह्यात झाडं कुठं हायत गं बाई?”

खरंच नव्हती. डावीकडून उजवीकडे जमीन पसरली होती, मधे एक लांबट इमारत होती आणि क्षितिजावर एक बारीक काळी रेघ. खालच्या आजच्या चित्रात काँक्रीट होतं तसं झाडंही होती. मोजायला बसलं तर वरच्यापेक्षा जास्तच भरली असती.

तेव्हापासून जुनी बंगळूरची चित्रं मी वेगळ्या नजरेनं पाहते आहे. हा लेख त्या पाहण्याबद्दल आहे, आणि माझ्या ‘ओसाड’ या शब्दाबद्दल.

आधी एक शंका काढून टाकायला हवी. जुन्या छायाचित्रांत झाडं दिसत नाहीत, हा कॅमेऱ्याचा दोष तर नव्हे? उलटच आहे. त्या काळच्या काचेवरच्या लेपाला निळा प्रकाश चटकन दिसे आणि हिरवा फार उशिरा. म्हणून आकाश कोरं पांढरं येई आणि पानं काळीभोर. झाड असतं तर ते डोळ्यांत भरलं असतं. हरवायची ती माणसं. काच काही सेकंद उघडी ठेवावी लागे, तेवढ्यात चालणारा माणूस, बैलगाडी, कुत्रं सगळं विरघळून जाई. भर बाजाराचे जुने फोटो पहाटेचे वाटतात ते त्यामुळे. तेव्हा जुन्या रुंद चित्रात जागा निर्मनुष्य दिसली तर शंका घ्यावी, पण निर्वृक्ष दिसली तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आणि चित्रांच्या बाहेरचे पुरावेही तेच सांगतात. १८०० च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत विल्यम लॅम्बटन यानं बंगळुरात जमिनीवर साखळी टाकून सात मैलांहून लांब अशी एक सरळ रेघ मोजली. पुढे ज्या मोजणीनं सारा हिंदुस्थान त्रिकोणांत बांधला, तिचा हा आरंभ म्हणता येईल. (ती पोलादी साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजर करायला नेलेली, तिथून परत आलेली. असले तपशील मला मूळ गोष्टीपेक्षा जास्त आवडतात.) अशी रेघ मोजायची तर जमीन सपाट हवी आणि या टोकावरून त्या दिशेला नजर अडायला नको. सात मैल नजर अडली नाही. आज त्याच शहरात सातशे फूट नजर पोहोचेल अशी जागा शोधावी लागते.

बंगळूर वसलं आहे ते सुमारे ९०० मीटर उंचीच्या एका पाठारावर. मोठी नदी नाही. पाऊस बेताचा. मूळचं रान काटेरी खुरट्या झुडपांचं, मधे मधे नाचणीची शेतं आणि चराऊ माळ. पाणी हवं तर ओघळ अडवून केरे बांधायची, म्हणजे तळी. म्हणून गावंच्या गावं तळ्यांभोवती वसली. तळ्याच्या बांधालगत आणि गावाच्या कडेला चिंच, आंबा, फणस यांच्या राया लावलेल्या असत. हैदर अलीनं १७६० च्या सुमारास लालबाग घातली. १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसनं टिपूकडून बंगळूरचा किल्ला घेतला तेव्हा सैन्याबरोबर रॉबर्ट होम हा चित्रकार होता आणि कोलब्रुक हा मोजणीदार. दोघांनीही इथली रुंद दृश्यं काढली आणि पुढच्या दोनतीन वर्षांत लंडनला छापली. तेव्हा झाडं होतीच, पण ठिपक्याठिपक्यांनी, आणि माणसानं पाणी घालून वाढवलेली.

पर्यावरणाच्या अभ्यासक हरिणी नागेंद्र यांनी २०१६ साली आलेल्या ‘नेचर इन द सिटी’ या पुस्तकात हा मुद्दा शिलालेख, नकाशे आणि जुनी चित्रं यांच्या आधारानं मांडला आहे: इथली हिरवाई निसर्गानं दिलेली नव्हती, वस्तीबरोबर ती वाढत गेली. नंतरच्या तारखा तर सरकारी दप्तरातच आहेत. लाल रंगाची अट्टारा कचेरी, जिथे आज उच्च न्यायालय आहे, ती १८६८ ची. (‘अठरा’ कचेऱ्या. कन्नडमध्ये अठराला हदिनेंटु म्हणतात. तरी शहराच्या मध्यभागी हा आपल्या ओळखीचा आकडा दीडशे वर्षं उभा आहे.) तिच्यासमोरचं कब्बन पार्क १८७० चं, म्हणजे इमारतीच्या नंतरचं. इमारत नवी असतानाच्या फोटोंत ती उघड्या जमिनीवर एकटी उभी दिसते ते म्हणूनच. १९०८ मध्ये जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगल लालबागेत आला आणि एका झाडाचा बहर सरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, असे रस्तेच्या रस्ते लावायची कल्पना इथे रुजली. गुलमोहर मादागास्करचा, जॅकरांडा आणि टॅबेबुया दक्षिण अमेरिकेतले. आणि १९८० च्या दशकात नेगिनहाळ नावाच्या वनाधिकाऱ्यानं शहरात सुमारे १५ लाख झाडं लावून घेतली. माझ्या पिढीला आठवणारं हिरवंगार बंगळूर, ज्याच्या नावानं आम्ही उसासे टाकतो, त्यातलं कितीतरी आमच्याच वयाचं आहे.

म्हणजे गोष्ट तीन टप्प्यांची: उघडं रान, मग बाग, मग काँक्रीट. पण जोडीच्या चित्रांत दोनच मावतात. मग मधला टप्पा गळतो आणि त्याचा हिरवा रंग आपण मनातल्या मनात पहिल्या चित्राला देऊन टाकतो. आजींनी तो दिला नाही, कारण त्यांनी चित्र पाहिलं. मी मजकूर पाहिला होता.

*

सगळं एका नजरेत दाखवण्याची हौस कॅमेऱ्याच्या आधीची आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी रॉबर्ट बार्कर यानं गोल इमारतीच्या आतल्या भिंतीवर सभोवार चित्र लावून लोकांना मधोमध उभं करायची युक्ती काढली आणि ‘पॅनोरमा’ हा शब्द रूढ झाला. या धंद्यात आपल्या भागाचा प्रवेश लगेच झाला. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, आणि १८०० साली लंडनमध्ये रॉबर्ट केर पोर्टरनं काढलेलं त्या हल्ल्याचं सुमारे १२० फूट लांबीचं अर्धगोल चित्र पैसे घेऊन दाखवलं जाऊ लागलं. पोर्टर हिंदुस्थानात आलेला नव्हता. चित्र दीडेक महिन्यात काढलं म्हणतात. पुढे ते आगीत जळालं. ज्यानं काही पाहिलं नाही त्यानं सगळं दाखवलं, असा या प्रकाराचा आरंभ आहे, आणि मला वाटतं तो गुण त्याच्या अंगातून अजून पुरता गेलेला नाही.

कॅमेरा आल्यावर हे काम लष्कराच्या मागोमाग चालू लागलं. फेलिचे बिआटो १८५८ मध्ये दिल्लीत पोहोचला. जामा मशिदीच्या मिनारावरून त्यानं आठ काचांत दिल्ली टिपली. एकेक फोटो घ्यायचा, कॅमेरा थोडा फिरवायचा, आधीच्या चित्राची कड पुढच्यात थोडी येईल असं बघायचं. मग कागदावर छापून कडा जुळवायच्या. त्या आठ चित्रांत लाल किल्ला आणि मशीद यांच्यामधली दाट वस्ती दिसते: घरं, गच्च्या, गल्ल्या. त्यानंतर इंग्रजांनी किल्ल्याभोवतालची ती वस्ती तोफांना मारा करायला मोकळं मैदान हवं म्हणून पाडून टाकली. इतिहासकार जिम मॅसेलोस आणि नारायणी गुप्ता यांनी बिआटोची चित्रं आणि १९९७ ची दिल्ली शेजारी शेजारी ठेवून एक पुस्तक केलं, ते मी वाचनालयात बसून पाहिलं. तिथे जुन्या चित्रात गजबज आहे आणि नव्यात मोकळीक.

माझी चूक मला त्या पुस्तकासमोर नीट कळली. मराठीत ‘ओसाड’ म्हणजे जिथे कोणी होतं आणि आता नाही. गाव ओसाड पडतं, वाडा ओसाड पडतो. त्या शब्दात उठून गेलेल्या माणसांची आठवण आहे. दिल्लीतल्या त्या मोकळ्या जागेला ओसाड म्हणणं बरोबर ठरलं असतं. बंगळूरच्या चित्रातल्या जमिनीवरून कोणी उठून गेलेलं नव्हतं. तिच्यावर मेंढ्या चरत असतील, पावसाळ्यानंतर नाचणी असेल, बाजाराच्या दिवशी गाड्या सुटत असतील. मी दोन शब्दांत ती जागा मारून टाकली होती.

इंग्रजांच्या महसुली भाषेनं हे काम आमच्या आधी आणि जास्त पद्धतशीर केलं होतं, हेही खरं. जिथून सारा येत नाही ती जमीन पड. गायरान, तळ्याचं कोरडं पात्र, माळ, सगळं पड. पडीक जमिनीचं काहीतरी ‘करायचं’ असतं. बंगळूरच्या केंद्रातलं धर्मांबुधी तळं आज मॅजेस्टिकचं बस स्थानक आहे. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण आहे. त्याच्या कडेला एक छोटं चौकोनी कुंड ठेवलंय, कारण दरवर्षीच्या करगा उत्सवाला तिथलं पाणी लागतं. १८९४ साली हेसरघट्ट्याहून नळानं पाणी येऊ लागल्यावर ही तळी आधी निरुपयोगी झाली, मग उघडी जागा झाली, मग जागा.

*

बंगळूरशी जोडलेला एक छायाचित्रकार मला या सगळ्यात पुन्हा पुन्हा आठवतो. लिनियस ट्राइप. मद्रास फौजेतला अधिकारी, बंगळूर छावणीत राहिलेला. १८५४ च्या डिसेंबरात तो इथूनच हळेबीड आणि बेलूरला गेला आणि तिथल्या देवळांचे फोटो घेतले. १८५५ मध्ये त्याला ब्रह्मदेशात पाठवलं. परतल्यावर बंगळुरातच बसून त्यानं आपल्या तिथल्या कागदी निगेटिव्हांवरून १२० चित्रांचे संच छापले. ही कागदी निगेटिव्ह पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. कोरं पांढरं आकाश त्याला खपत नसे. निगेटिव्हवर कुंचल्यानं रंग लावून त्यानं ढग घातले आहेत, कुठे झाडांच्या पानांना उठाव दिला आहे. म्हणजे त्या काळच्या चित्रात झाड दिसलं तरी त्याची एक-दोन पानं छायाचित्रकाराच्या हातची असू शकतात. मला ते वाचून बरं वाटलं. अनुवादकांनाच रिकाम्या जागा सहन होत नाहीत असं नाही.

ट्राइपनं सगळ्यात लांब चित्र केलं ते मात्र शहराचं नाही. १८५८ मध्ये, बिआटो दिल्लीत होता त्याच वर्षी, ट्राइप तंजावरला होता. बृहदीश्वराच्या विमानाच्या जोत्यावर चोळांच्या काळातले तमिळ लेख कोरलेले आहेत. त्यानं कॅमेरा जोत्याला समांतर सरकवत नेला आणि २१ छापील तुकडे जोडून सुमारे १९ फुटांची पट्टी तयार केली. बिआटो एका जागी उभा राहून फिरला. ट्राइप चालत गेला, आपण ओळ वाचतो तसा. त्याला तमिळ वाचता येण्याची गरज नव्हती. अक्षर न् अक्षर उतरलं पाहिजे एवढंच त्याचं काम.

याच देवळाच्या प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे, दगडावरची बहुधा सगळ्यात लांब मराठी. ट्राइपची पट्टी विमानाच्या जोत्याची, त्यामुळे ती त्यात नाही. तंजावरचं हे मराठी राज्य १८५५ साली खालसा झालेलं होतं. तीन वर्षांनी कॅमेरा आला. आणि हे घराणं तंजावरला गेलं कुठून? बंगळुराहून. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर इथे होती. जुन्या मराठी कागदांत या गावाला बेंगरूळ म्हणतात. जयराम पिंड्ये या कवीनं ‘राधामाधवविलासचंपू’त शहाजींच्या दरबाराचं जे वर्णन केलंय ते अनेक भाषांच्या कवींनी भरलेलं आहे. आज या नियतकालिकाच्या एका अंकात जेवढ्या भाषा शेजारी शेजारी बसतात, तेवढ्या तिथे बसत असाव्यात. शहाजींचा मुलगा एकोजी पुढे तंजावरला गेला आणि त्यानं बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाखांना विकण्याचा सौदा केला. त्याआधी, १६६९ मध्ये, त्यानं आजच्या मल्लेश्वरममधल्या देवळाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिलं होतं. त्या देवाचं नाव काडु मल्लेश्वर. काडु म्हणजे रान. आता या ‘रान’ शब्दाचं काय करायचं? मराठी शेतकरी रानात जातो तेव्हा तो शेतात जातो. काडुमल्लेश्वराचं रान हे दाट अरण्य होतं, असं मल्लेश्वरमच्या हिरव्या रस्त्यांवर फिरताना वाटतं खरं. पण ते रस्ते प्लेगनंतरचे, १८९८ च्या सुमारास आखलेल्या वस्तीतले. इथेही मधल्या चित्रानं पहिलं रंगवलंय.

*

एकाच जागेवरून पुन्हा फोटो घेणं हे वाटतं तितकं सोपं नाही. अमेरिकेत मार्क क्लेट आणि त्याच्या साथीदारांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस याचं जवळजवळ शास्त्र केलं. जुन्या फोटोत जवळची एक आणि दूरची एक वस्तू घ्यायची, उदाहरणार्थ खांब आणि डोंगराचं टोक. दोन्ही नेमकी तशीच एकावर एक येईपर्यंत आपण सरकत राहायचं. एक पाऊल डावीकडे गेलं की खांब डोंगरापासून सुटतो. १८७८ मध्ये मायब्रिजनं सॅन फ्रान्सिस्कोच्या टेकडीवरल्या एका धनिकाच्या वाड्यावरून १३ काचांत सारं शहर घेतलं होतं. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत वाडा जळाला; १९९० साली क्लेटनं त्याच जागी बांधलेल्या हॉटेलावरून त्याची नक्कल केली. मायब्रिजच्या तेरा चित्रांपैकी एकातल्या सावल्या शेजारच्या चित्रांशी जुळत नाहीत, ते दिवसाच्या वेगळ्या वेळी घेतलेलं आहे. एका नजरेत दिसणारं शहर म्हणजे प्रत्यक्षात एक अख्खा दिवस.

बंगळुरात हा खेळ खेळायचा तर अडचण अशी, की उभं राहायची जागाच उरत नाही. ज्या किल्ल्याच्या तटावरून पेट दिसत असे तो तट पाडून रस्ते, इस्पितळ आणि बाजार झाले. दिल्ली दरवाजाचा भाग तेवढा शिल्लक. नवी उंच ठिकाणं खाजगी आहेत, वर जाऊ देत नाहीत. सगळं दाखवायची परवानगी हाही पूर्वीपासून सत्तेचाच मामला. २०११ च्या मे महिन्यात गूगलच्या गाड्या सभोवार फोटो घेत बंगळूरच्या रस्त्यांवर फिरू लागल्या आणि काही आठवड्यांत पोलिसांनी त्या थांबवल्या. अकरा वर्षांनी, २०२२ मध्ये, ते पुन्हा सुरू झालं.

एक जागा मात्र हलवता येण्यासारखी नाही. लालबागेतला खडक. सुमारे ३०० कोटी वर्षांचा म्हणून भूगर्भ खात्यानं तिथे पाटी लावली आहे. त्याच्या माथ्यावर केंपेगौडाच्या नावानं ओळखला जाणारा छोटा बुरूज आहे. असे चार बुरूज शहराच्या चार बाजूंना आहेत, आणि शहर यांच्यापलीकडे वाढेल तेव्हा त्याचं काही खरं नाही, अशी दंतकथा सांगतात. शहर त्यांच्यापलीकडे कधीच गेलं. पण बुरूज टेहळणीसाठी असतो, आणि टेहळणीचा बुरूज बांधणाऱ्याला समोर झाडी नकोच असते, हे त्या दंतकथेत कोणी सांगत नाही.

या खडकावरून माझ्या वडिलांनी १९७९ साली एक पॅनोरमा केला होता. अप्पा बेळगावहून इथल्या एका कारखान्यात नोकरीला आले, त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती. अग्फा क्लिक थ्री कॅमेरा, एका रोलमध्ये बारा फोटो. त्यांनी अर्धा रोल, म्हणजे सहा फोटो, यासाठी घातले, यावरून आईनं त्यांना बरंच ऐकवलं होतं. सहा चौकोनी फोटो कापून, कडा जुळवून, कॅलेंडरच्या पाठीवर चिकटवलेली ती पट्टी आमच्या बैठकीत होती. डाव्या टोकाला आई उभी आहे आणि उजव्या टोकालाही आईच, कारण मधे ती चालत गेली. लहानपणी मला ती जुळ्या बहिणींची गोष्ट वाटे. पट्टीत पेटेतली गच्च्यांची गर्दी आहे, बसवनगुडीची झाडं आहेत, जयनगरचे नवे बंगले आहेत. मोकळं असं जवळजवळ काही नाही. म्हणून १९७९ मध्येही शहर बऱ्यापैकी भरलेलं होतं, असं मी धरून चालले होते.

गेल्या वर्षी घर आवरताना सहाही निगेटिव्ह सापडली. मी ती अखंड छापून आणली आणि अप्पांना दाखवली.

“अप्पा, तुमच्या पट्टीत हे नाहीये.” दोन फोटोंच्या मधे, दक्षिणेला, बंगल्यांच्या मागून शेतं आणि माळ दूरवर गेला होता. फोटोचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

“कापलं असणार.”

“का पण?”

“सहा अख्खे फोटो कॅलेंडरवर मावत नव्हते. मग जिथं काही नव्हतं तिथं कात्री लावली.”

सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा साहेबावर मी मनातल्या मनात जो राग धरून होते, तो माझ्याच बैठकीत येऊन बसला. शिवाय अप्पांचं काय चुकलं? शहर दाखवायचं तर शहर नसलेलं कापायला हवं. बहुतेक सगळ्यांनी तेच केलं. आज माझ्या मुलाचा फोन तेच काम कात्रीशिवाय करतो. दोन चित्रं जोडताना ज्या भागात धरायला खूण नाही, आकाश किंवा सपाट जमीन, तिथे तो गोंधळतो, ताणतो, गिळतो.

*

तेव्हा मी वचनांच्या एका संग्रहावर काम करत होते आणि ‘बयलु’ या कन्नड शब्दापाशी अडले होते. बयलु म्हणजे उघडी जागा, माळ. उघड्यावर खेळतात ते नाटक बयलाट. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना ते सांगायला नको. पण अल्लमप्रभूंसारखे वचनकार हाच शब्द परमतत्त्वासाठी वापरतात. मराठी करणारे तिथे ‘शून्य’ लिहितात, ‘निराकार’ लिहितात. चूक नाही. पण शून्य म्हटलं की पायाखालची जमीन जाते. कन्नड ऐकणाऱ्याला त्याच शब्दात गावाबाहेरचा माळ दिसत राहतो, आणि तो रिकामा आहे म्हणून त्याचं काही अडत नाही. ज्या भाषेत रिकाम्या जमिनीसाठी आणि परमेश्वरासाठी एकच शब्द आहे, त्या भाषेच्या राजधानीत रिकामी जमीन इतक्या सहज कापली जावी, याचं मला नवल वाटतं. पण शब्दांनी जमीन वाचत नाही हेही आता कळलेलं आहे.

झाडं थोडीफार वाचतात. २०१६ मध्ये चालुक्य सर्कल ते हेब्बाळ असा पोलादी उड्डाणपूल व्हायचा होता, आठशेवर झाडं जाणार होती. लोकांनी माणसांची साखळी करून विरोध केला आणि २०१७ च्या मार्चमध्ये सरकारनं तो बेत सोडला. मीही त्या साखळीत होते. झाड मोजता येतं, त्याला मिठी मारता येते, त्याचा फोटो निघतो. शहराच्या कडेचं गायरान एका वसाहतीखाली गेलं तर कशाला मिठी मारायची? त्याचा आधीचा फोटो कोणी काढलेला नसतो, आणि काढला तर त्याखाली माझ्यासारखी कोणीतरी ‘ओसाड’ लिहून ठेवते.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना मी पत्र लिहिलं होतं. त्या फलकावर ‘ओसाड जागा’च्या ऐवजी ‘माळ’ करावं. त्यांनी नम्रपणे कळवलं, की फलक आता बांधून ठेवले आहेत. पुन्हा कधी लावले तर बघू.

अप्पांना अलीकडे खडक चढवत नाही. तरी एका सकाळी मुलगा आणि मी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून वर नेलं. चढाला दगड गुळगुळीत झालाय, त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. क्लेटच्या पद्धतीनं आम्ही बुरुजाचा कोपरा आणि मागचं काहीतरी जुळवायला निघालो. मागचं काहीच दिसेना. जवळच्या झाडांच्या शेंड्यांवरून उंच इमारतींची माथी तेवढी वर आलेली, पश्चिमेला झाडांआड मेट्रोचा मार्ग. शेवटी जिथे आई पहिल्यांदा उभी होती तो खडकाचा उंचवटा अप्पांनी ओळखला आणि त्यावरून जागा ठरवली. मुलानं फोन फिरवला. अप्पा म्हणाले, “असं नव्हे. एकेक घे. आणि कापू नकोस.”

त्यानं सहा घेतले. घरी आल्यावर छापून जेवणाच्या टेबलावर मांडले, त्यांच्यावर १९७९ चे सहा. टेबल पाच फोटोंनाच पुरलं. सहावी जोडी आम्ही शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि अप्पा चष्मा पुसून वाकून बघायला लागले.